तोंड तपासायला टॉर्च पुरतो

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

चंद्रपूर-गडचिरोलीत कर्करोगाचा विषय निघाला की शासन इमारती, खाटा आणि यंत्रांवर बोलते. उपचार हवेतच. पण इथला माणूस डॉक्टरपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्या तोंडातली गाठ मानेत उतरलेली असते, आणि त्या उशिरावर खाटा वाढवून उतारा पडत नाही. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, सुगंधित तंबाखूवरही आहे. तरी पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून खर्रा उघड विकला जातो. तंबाखूने गालात पांढरा चट्टा उठतो. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते, तोंडात तीन बोटे उभी शिरत नाहीत, तिखट भाजी झोंबते. कर्करोगाच्या कितीतरी आधी दिसणारी ही लक्षणे डोळ्यांनी ओळखता येतात.

हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, याचा पुरावा देशातच आहे. केरळात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी ठरावीक वर्षांनी लोकांची तोंडे नुसत्या नजरेने तपासली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. मुंबईच्या वस्त्यांत बेताचे शिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या स्त्रियांनी व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली, तिथे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तर एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने ते जवळपास निम्म्यावर आले, हे 2009 मध्येच सिद्ध झाले. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये देशातील 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी तोंडाची तपासणी कधीतरी झालेल्या 0.9 टक्के होत्या, गर्भाशयमुखाची 1.9 टक्के. तिशीपुढच्या प्रत्येकाच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे 2016 मध्येच निघाली होती. इतकी वर्षे ती कोणासाठी ठेवली आहेत?

लोकच तपासणीला येत नाहीत, असे म्हटले जाते. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशेच्या आसपास किलोमीटर आहे. धानाची कापणी किंवा तेंदूपत्त्याची मजुरी बुडवून, काही दुखत नसताना कोण येईल? तपासणीनेच गावात गेले पाहिजे. मनुष्यबळ नाही, हेही उत्तर मान्य नाही. आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्यांचा अर्ज भरतातच, त्यात तोंडातल्या चट्ट्याचा प्रश्न आहे. मात्र संशयित सापडल्यावर तुकडा काढून तपासणी कुठे होणार, प्रवासखर्च कोण देणार, हे ठरलेले नसेल तर तो अर्ज म्हणजे नुसता कागद. आणि पैसा नाही हे तर या जिल्ह्यांनी ऐकूनच घेऊ नये. इथून कोळसा आणि सुरजागडचे लोहखनिज जाते, त्यावरचा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, आणि आरोग्य हा त्याच्या प्राधान्याच्या खर्चातला विषय आहे.

म्हणून मागणी एकच. प्रत्येक तालुक्याचा हिशेब दर तीन महिन्यांनी जाहीर करा: किती तोंडे तपासली, किती संशयित निघाले, किती जणांची तुकडा तपासणी झाली आणि किती जणांवर उपचार सुरू झाले. पहिला हिशेब भामरागड, एटापल्ली आणि जिवतीचा द्या.

चंद्रपूर-गडचिरोलीचा एक नागरिक