बंद दाराआडचा घाम

पडद्यावर पाहून घरच्या घरी देह कमवायचा, हा उद्योग अमेरिकेने शोधून काढला, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत आहे. वस्तुतः औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९२८ सालीच सूर्यनमस्कारांचा मूकपट काढला होता. साधने नकोत, चटईएवढी जागा पुरे, बायकामुलांनीही नमस्कार घालावेत, हा त्यांचा आग्रह. जेन फोंडाची व्यायामाची कॅसेट आली ती १९८२ साली. त्या काळी आमच्या नांदेडात व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभरात तीन सिनेमे संपवण्याची चाल होती. व्यायामासाठी कुणी तो आणल्याचे माझ्या तरी कानावर आले नाही!

पुढे नव्वद दिवसांचा ‘पी-नाइन्टी-एक्स’ आला आणि २००९ साली साठ दिवसांचा ‘इन्सॅनिटी’. नावातच वेड. त्यातला शॉन टी असा काही पिदवतो, की त्याच्यामागची कसलेली माणसेही धापा टाकत मध्येच थांबतात. तरीही हे वेड ओसरलेले नाही. का?

बँकेच्या नोकरीत काही वर्षे लातुरात काढल्यामुळे असेल, मला यात आवर्ती ठेव दिसते. नुसते ‘तब्येत सांभाळा’ म्हटले तर कोण ऐकतो? पण साठ हप्ते, अमुक तारखेला मुदत पूर्ण, असे सांगितले की माणूस खाते उघडतो. मध्येच मोडतो. मग थोडा ओशाळून पुन्हा काउंटरवर येतो.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे खोलीचे दार. लातूर जिल्ह्याला कुस्तीचा अभिमान. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. पण तालमीच्या त्या लाल मातीत बाईमाणसाला जागा कुठे होती? आता जिम आहेत. तिथे आरसे आहेत, फी आहे आणि ओळखीच्यांचे डोळे आहेत. दोन बाळंतपणे झालेली चाळिशीची बाई तिथे चारचौघांत धापा टाकायला सहजी जात नाही. मोबाइलमधला मास्तर तिला पाहू शकत नाही, हाच त्याचा मोठा गुण. (धोकाही तोच. मागे कोण पडले हे त्याला दिसत नाही. तेव्हा गुडघे वा रक्तदाबाची तक्रार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.) आणि तो तिला सूट देत नाही. घरात सगळे तिला ‘आता तुझे वय का उड्या मारायचे?’ म्हणतात, तेव्हा हा आणखी दहा मारायला सांगतो. मला तर यात तिचा मानच दिसतो.

मात्र दार बंद राहील तर ना! नवरा पहाटे गोदाकाठी फिरायला जातो, तेव्हा त्याला कुणी अर्ध्या वाटेवरून परत बोलावत नाही. बायकोच्या चाळीस मिनिटांत तीनदा दार वाजते. चहा, डबा, टॉवेल. आमच्या सोसायटीतल्या एका सूनबाईंना मी म्हटले, ‘व्हिडिओ सोयीचा, हवा तेव्हा थांबवता येतो.’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘काका, थांबवता येतो ना, म्हणूनच सगळे थांबवायला लावतात.’

गेल्या सोमवारी त्यांनी तिसऱ्यांदा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली आहे.