घरची बोली आणि एक थोर नट

आपल्यांपैकीं कित्येक विद्यार्थी शाळेच्या दारांत पाऊल टाकतांच घरची बोली चपलांबरोबर बाहेर ठेवितात; आणि चारचौघांत हंसें होऊं नये म्हणून आईबापही त्यास उत्तेजनच देतात. आम्हांस हें पसंत नाहीं. कां, तें इटलींतील एदुआर्दो दे फिलिप्पो या नटाच्या चरित्रावरून कळेल.

एदुआर्दो सन १९०० मध्यें नेपल्स शहरीं जन्मला. प्रसिद्ध नट व नाटककार एदुआर्दो स्कार्पेत्ता हा त्याचा पिता. परंतु आईशीं त्याचें लग्न झालेलें नसल्यामुळें तितीना, एदुआर्दो व पेप्पीनो या भावंडांस आईचेंच आडनांव मिळालें. चौथ्या वर्षीं तो बापाच्या मंडळींत रंगभूमीवर आला. १९३१ सालीं तिघांनीं स्वतःची मंडळी काढली. १९४४ मध्यें भावाभावांत बेबनाव होऊन ती मोडली.

मुसोलिनीच्या सरकारला प्रांतिक बोलींचें वावडें होतें. एदुआर्दोनें मात्र नेपल्सची बोली सोडली नाहीं. २५ मार्च १९४५ रोजीं त्यानें ‘नापोली मिलिओनारिया’ हें नाटक रंगभूमीवर आणिलें. युद्धांतील हाल भोगून एक गरीब बाप घरीं परततो. घरांत काळ्या बाजाराच्या पैशानें सुबत्ता आलेली. त्याची हकीकत ऐकावयास कोणासच सवड नाहीं! शेवटीं धाकटी मुलगी आजारी पडते, आणि तिला वाचविणारें औषध निघतें तें त्याच्या बायकोनें नागविलेल्या गृहस्थाजवळ. तो तें मोबदल्यावांचून देतो. ज्यांचीं घरें बॉम्बनें पडलीं होतीं त्यांस ही गोष्ट पुस्तकी भाषेंत सांगून काय उपयोग झाला असता? पुढल्याच वर्षीं ‘फिलुमेना मार्तुरानो’ या नाटकांत, तीन मुलांपैकीं आपला कोणता हें बापास न सांगणारी आई त्यानें उभी केली. ती भूमिका तितीनानेंच केली, हें विशेष.

चित्रपटांतही त्यानें पुष्कळ कामें केलीं. पण त्या मिळकतीचा मोठा भाग, युद्धांत उद्ध्वस्त झालेलें सान फेर्दिनांदो नाट्यगृह पुन्हां उभारण्यांत घातला. तें १९५४ सालीं उघडलें.

बोलीमुळें मनुष्य गांवापुरता राहतो, असें कोणी म्हणेल. परंतु १९७३ सालीं लंडनमध्यें त्याच्या नाटकांत खुद्द लॉरेन्स ऑलिव्हिएनें काम केलें! १९८१ मध्यें इटलीनें त्याला तहहयात सेनेटर नेमिलें; तेथें त्यानें तुरुंगांतील अल्पवयी मुलांची बाजू मांडली. आणि १९८४ सालीं मरण येण्यापूर्वीं त्यानें शेक्सपियरचें ‘टेंपेस्ट’ नेपल्सच्या सतराव्या शतकांतील बोलींत उतरवून, मिरांडाखेरीज सर्व पात्रें स्वतःच्या थकलेल्या आवाजांत वाचून ठेविलीं.