साथीत विमानाने कोण गेले, आणि कशासाठी?

करोनाच्या साथीत एक प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी होता, आणि आजही साथीचा विषय निघाला की तो डोके वर काढतो. सगळे जग घरात बसले असताना ही माणसे विमानात बसलीच कशाला? विचारणाऱ्याचा सूर ठरलेला असतो. विमानातला माणूस चैनी, त्यानेच परदेशातून रोग आणला, आणि भोगला मात्र चाळीतल्या आणि झोपडीतल्या माणसाने. रेल्वे आणि टपाल खात्यातील आपल्या बांधवांतही हे मत चांगलेच रुजले आहे. त्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात सापडलेली देशातली पहिली रुग्ण वूहानहून परतलेली विद्यार्थिनी होती. रोग आला तो विमानानेच. पण रोग कसा आला हा एक प्रश्न, आणि साथ भरात असताना माणसे विमानाने का गेली हा दुसरा. दोहोंची गल्लत केली की दोष भलत्याच्याच माथी बसतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जायला नको. ते सरकारी कागदावरच आहे. परदेशात अडकलेल्यांना आणण्यासाठी ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ विमाने सुरू झाली. त्याआधी दोन दिवस केंद्रीय गृहमंत्रालयाने नियमावली काढली आणि तीत आधी कोणाला आणायचे ते लिहिले. कामावरून कमी केलेले मजूर, व्हिसाची मुदत संपत आलेले, आजारी, गरोदर स्त्रिया, वृद्ध, घरात मृत्यू झालेले आणि विद्यार्थी. या यादीत चैनी माणूस आम्हांस तरी दिसत नाही. उलट शेवटी एक अट होती, की प्रवासाचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा. नोकरी गेलेल्या मजुरानेसुद्धा.

अशाच एका विमानाला ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री कोळिकोड येथे अपघात झाला. दुबईहून आलेले ते विमान भर पावसात धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. आत १९० माणसे होती, त्यांपैकी २१ गेली. वैमानिक कॅप्टन दीपक साठे हे मराठी गृहस्थ, हवाई दलात नोकरी करून आलेले. तेही गेले आणि त्यांचे सहवैमानिकही. विमानतळाच्या आसपासची वस्ती त्या दिवसांत करोनाच्या निर्बंधांखाली होती. तरी आवाज ऐकताच लोक धावले, जखमींना हातांवर उचलून मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात नेले आणि रात्रीच रक्त द्यायला रांगा लावल्या. कोण कुठून आला, कोणाला संसर्ग आहे, हे त्यांनी विचारले नाही. आखाती देशांतून परतणारा माणूस काय घेऊन परततो हे त्या मुलखाला ठाऊक आहे, कारण तिथे घरटी एक तरी माणूस तिकडे राबत असतो.

आता देशांतर्गत विमानांकडे वळू. येथे आपल्या खात्याचा संबंध येतो. २२ मार्च २०२० पासून प्रवासी गाड्या थांबल्या. २४ मार्चला रात्री ८ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि १२ वाजता ती लागू झाली, विमानेही थांबली. चार तासांत माणसाने घर गाठायचे, मग ते घर पाचशे कोसांवर का असेना! १ मेपर्यंत मजुरांसाठी एकही गाडी नव्हती. त्या दिवशी तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटियाकडे पहिली श्रमिक गाडी निघाली. पुढे ऑगस्टअखेर अशा ४,६२१ गाड्या चालल्या आणि ६३ लाखांवर माणसे घरी पोचली. हे काम रेल्वे कामगाराने जीव धोक्यात घालून केले, त्याचा आम्हांस अभिमान आहे. पण पहिले चाळीस दिवस कोणाच्या हिशेबात धरायचे?

त्या दिवसांचा हिशेब करमाडजवळच्या रुळांवर मांडला गेला. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याच्या पोलाद कारखान्यातले १६ मजूर रुळावर झोपेत असताना मालगाडीखाली सापडले. मध्य प्रदेशातली ती माणसे भुसावळला गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत निघाली होती. रेल्वे बंद आहे, तेव्हा रुळावर धोका नाही, अशी त्यांची समजूत. चालकाने त्यांना पाहिले, गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला, पण भरवेगातली मालगाडी जागच्या जागी थांबत नसते. त्या चालकाच्या मनावर आयुष्यभर काय राहील ते आपणांस सांगायला नको.

याच महिन्यात, २८ मे रोजी, मुंबईहून रांचीला एक विमान गेले. त्यात झारखंडचे सुमारे पावणेदोनशे मजूर, बायकामुलांसह होते. बंगळूरच्या विधी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ते ठरवले होते. त्याच सुमारास दिल्लीजवळच्या एका अळंबी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या १० मजुरांना पदरच्या पैशाने पाटण्याला विमानाने पाठवले. लडाखमध्ये रस्त्याच्या कामावर अडकलेल्या ६० जणांना झारखंड सरकारने लेहहून विमानाने आणवले. ही माणसे जन्मात पहिल्यांदा विमानात बसली, ती अशा वेळी. वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो मोठ्या कौतुकाने छापले. रेल्वे ज्यांची हक्काची, त्यांना विमानात बसवण्याची वेळ का आली, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

आमच्या एका सहकाऱ्याचे सांगतो. मूळचा साताऱ्याकडचा, नोकरी कलकत्त्याला. जून २०२० मध्ये वडील वारले. खिशात रेल्वेचा पास, पण गाडीचे आरक्षण काही हाती लागेना, कारण तेव्हा मोजक्याच गाड्या चालू होत्या आणि विनाआरक्षण डब्यात पाय ठेवायला परवानगी नव्हती. शेवटी क्रेडिट सोसायटीचे कर्ज काढून त्याने विमानाचे तिकीट घेतले. त्या वर्षी १ जानेवारीपासून आपला महागाई भत्ता गोठवलेला होता, हेही ध्यानात घ्या. विमानतळावर उतरताच त्याच्या हातावर १४ दिवसांच्या गृह-विलगीकरणाचा शिक्का बसला. दहावा धाकट्या भावाने केला; हा घराच्या माडीवर बसून राहिला. परत निघावे तर ६ जुलैपासून पश्चिम बंगालने मुंबई, पुणे, नागपूरसह ६ शहरांतून येणारी विमाने बंद केली. पुढचे दिवस बिनपगारी मांडले गेले. साथीत विमानाने कशाला गेलास, असे त्याला विचारणारेही भेटलेच.

विमानाची निवड करण्यामागे आणखी एक हिशेब होता. रेल्वेत हयात गेलेल्या माणसाला तो कबूल करणे जड जाते, पण तो खरा आहे. मुंबईहून पाटण्याला गाडीने जायला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो, विमानाने अडीच तास. संसर्गाचा धोका माणूस दुसऱ्याच्या श्वासात किती वेळ राहतो त्यावर ठरतो. एक रात्र, चार वेळा खाणे, दहा वेळा शौचालय, अनोळखी माणसांची चढउतार, हे सारे टाळायचे म्हणून ज्यांना शक्य होते त्यांनी कर्ज काढूनही विमान धरले. म्हातारी आई सोबत असेल तर तुम्हीआम्हीही तेच केले असते. विमान कंपन्या सांगत की आतली हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते आणि गाळून येते. ते खरेच आहे. दारापाशीची रांग, विमानापर्यंत नेणारी खच्चून भरलेली बस, खाण्यासाठी एकदमच उतरलेले मुखपट्टे, याविषयी त्या हळू आवाजात बोलत.

मग गाडीत हवेचे काय? शयनयानाची आणि साध्या डब्याची खिडकी उघडी राहते, वारा आरपार जातो. साथीत याहून चांगला डबा कोणता? श्रमिक गाड्या तशाच डब्यांच्या होत्या. पण १२ मे २०२० पासून तिकिटावरच्या पहिल्या १५ जोड्या गाड्या सोडल्या, त्या सगळ्या वातानुकूलित, राजधानीच्या दराच्या. २५ मे रोजी विमाने सुरू झाली. मुंबईत दिवसाला २५ उतरत आणि २५ उडत. दिल्ली–मुंबईचे भाडे किमान ३,५०० आणि कमाल १०,००० रुपये असे सरकारने बांधून दिले. मुंबईची लोकल अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली ती १५ जूनला. म्हणजे विमान आधी उडाले, आणि त्यात सामान चढवणाऱ्या कामगाराची लोकल त्यानंतर तीन आठवड्यांनी रुळावर आली. विनाआरक्षण डबा तर २०२२ साल उजाडले तरी बहुतेक मेल-एक्स्प्रेसना परत लागला नव्हता. हा क्रम पाहिला की विमानतळावर गर्दी का झाली ते कळायला तज्ज्ञ लागत नाही.

निव्वळ मौजेसाठी गेलेले होते, नाही असे नाही. २०२० च्या नाताळात गोव्याचे किनारे फुलले होते. एप्रिल २०२१ मध्ये इस्पितळांत प्राणवायू मिळत नव्हता तेव्हा सिनेमातली मंडळी मालदीवच्या वाळूवर फोटो काढत होती. पुढच्या महिन्यात त्या देशाने भारतीय पर्यटकांना दार बंद केले. संयुक्त अरब अमिरातीने २५ एप्रिलपासून आपली विमाने अडवली, त्याआधी तिकिटांचे भाव अनेक पटींनी चढले आणि ज्यांना परवडले त्यांनी खाजगी विमाने केली. यांचे समर्थन आम्ही करणार नाही. पण टीका करताना या मूठभरांच्या आणि आखातातून रिकाम्या हाती परतणाऱ्याच्या बोर्डिंग पासवर एकच शिक्का मारू नये.

साथ आली की माणूस घराकडे धावतो, हे नवे नाही. १८९६-९७ च्या प्लेगात लाखो लोकांनी मुंबई सोडली, आणि १८९७ चा साथरोग कायदा झाला तेव्हा त्यात रेल्वेने जाणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार खास लिहिला गेला. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची हाकाटी उठली. तिथल्या मागावरचे आणि हिऱ्याच्या कारखान्यांतले कामगार मिळेल त्या गाडीने पळाले, काही देशांनी भारताची विमानेच थांबवली. सव्वाशे वर्षांत कायदा तोच राहिला. मार्च २०२० मध्ये राज्यांनी तोच बाहेर काढला. कारण काम एका शहरात, खोली भाड्याची, आणि म्हातारपणाची व आजारपणाची सोय गावी, ही कामगाराची घडी सव्वाशे वर्षांत बदललेली नाही. ती तशीच ठेवून त्याला ‘जागचा हलू नकोस’ म्हणणे म्हणजे उपाशी ठेवून पथ्य सांगण्यासारखे आहे.

सरकारची समजूत अशी दिसते की भाडे वाढवले, सवलत काढली, की अनावश्यक प्रवास आपोआप थांबतो. २० मार्च २०२० पासून ज्येष्ठांची रेल्वे सवलत हेच कारण देऊन बंद झाली. पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के मिळत असे. साथ ओसरल्यावरही वर्षानुवर्षे ती परत आली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये जवळच्या पॅसेंजर गाड्यांचे किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपये झाले. कारण तेच, गर्दी नको. ते पुन्हा १० रुपयांवर यायला २०२४ साल उजाडले. भाजीची पाटी घेऊन तालुक्याला जाणाऱ्या बाईचा प्रवास अनावश्यक, आणि दहा हजारांचे तिकीट काढणाऱ्याचा आवश्यक, असा निवाडा भाड्याच्या तक्त्याने परस्पर करून टाकला.

गाडी चालवणारा आणि टपाल वाटणारा कामगारही या सगळ्यात घरी बसला नव्हता. मे २०२१ मध्ये रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी सांगितले, तोवर १,९५२ रेल्वे कर्मचारी करोनाने मरण पावले होते. बटवड्याला जाणाऱ्या आपल्या भावांनी औषधांची पार्सले आणि पेन्शनची रोकड दारोदार पोचवली. म्हणून पुढच्या साथीविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे. गाड्या बंद करायच्या झाल्या तर माणसांना घरी पोचण्यापुरती, निदान काही दिवसांची पूर्वसूचना द्यावी. सुरू करताना उघड्या खिडकीचे, स्वस्त डबे आधी लावावेत, आणि भाडे वाढवून गर्दी आवरण्याचा मार्ग कायमचा सोडावा. घरातील मृत्यूसाठी परराज्यात गेलेल्या कर्मचाऱ्याचा विलगीकरणाचा काळ रजेत धरू नये. येत्या वार्षिक अधिवेशनासाठी शाखांनी आपापल्या सूचना लेखी पाठवाव्यात, आणि त्यांसोबत २०२० मध्ये ज्यांचे दिवस बिनपगारी मांडले गेले त्यांचे तपशीलही.