लांडग्याच्या नावावर ‘सूड’ खपवणे थांबवा

२०२४ च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत किमान आठ जणांचा बळी गेला. त्यांत बहुतेक लहान मुले होती. महसी तहसिलीतील कित्येक गावे लाठ्या घेऊन रात्ररात्र जागत राहिली. त्या भीतीला अडाणीपणा म्हणण्याचा अधिकार शहरात बसून प्राणिप्रेमाचे धडे देणाऱ्या कोणालाही नाही. ‘लांडगा माणसावर हल्ला करतच नाही’ हे वाक्य जितके गोड, तितकेच खोटे आहे.

परंतु त्याच दिवसांत आणखी एक खोटी गोष्ट देशभर पसरली आणि ती अधिक घातक आहे. म्हणे, पिल्ले मारली गेल्यामुळे लांडगे सूड घेत आहेत! वृत्तवाहिन्यांनी ती रंगवली हे समजण्यासारखे आहे, कारण त्यांचा तो धंदाच. पण जबाबदार पदांवरील माणसांनीही ती शास्त्रीय निष्कर्षाच्या थाटात सांगितली आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ती पुढे पाठवली. ही गोष्ट खेदाची आहे.

सूड घ्यायचा तर काय काय लागते, याचा विचार करून पाहा. अपराध लक्षात ठेवावा लागतो, तो कोणी केला हे ओळखावे लागते, आणि मग त्या अपराध्याला किंवा निदान त्याच्या आप्ताला गाठावे लागते. बहराइचमध्ये बळी कोण पडले? ओसरीवर, अंगणात किंवा दार नसलेल्या खोलीत झोपलेली मुले, तीही निरनिराळ्या गावांतली. हा दात धरणाऱ्या वैऱ्याचा क्रम नव्हे. सर्वांत कमी धोक्यात सर्वांत सहज मिळेल ते भक्ष्य निवडणाऱ्या शिकारी प्राण्याचा हा क्रम आहे.

आणि हे आपल्याला आधीच ठाऊक होते. १९९६ साली पूर्व उत्तर प्रदेशातील प्रतापगढ, सुलतानपूर आणि जौनपूर या भागांत सत्तरहून अधिक मुलांवर असेच हल्ले झाले. तेव्हा सूडाची नव्हे, तर लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसाची अफवा होती. त्या घटनांचा अभ्यास यादवेंद्रदेव झाला आणि दिनेशकुमार शर्मा यांनी केला. त्यांना आढळलेले चित्र अस्वस्थ करणारे आहे. रानातले नैसर्गिक भक्ष्य जवळजवळ संपले होते. शेळ्यामेंढ्या हेच गरिबांचे भांडवल, म्हणून त्यांच्यावर कडक पहारा होता. मुले मात्र राखणीविना खेळत होती, कारण आईबाप मजुरीत अडकलेले. लांडग्याच्या दृष्टीने गावातली शेळी अवघड होती आणि मूल सोपे. हे वाक्य लिहिताना हात थरथरतो, पण ‘सूड’ या शब्दाने नेमके हेच वाक्य झाकले जाते. गुन्हा लांडग्याच्या मनात शोधला की घराला दार का नाही, रस्त्यावर दिवा का नाही, शौचासाठी अंधारात का जावे लागते, हे कोणालाच विचारावे लागत नाही.

सूडकथेची परीक्षाही होऊन गेली आहे. सहा लांडग्यांचा कळप दोषी ठरवण्यात आला. पाच पकडले गेले, सहावा ऑक्टोबर २०२४ मध्ये गावकऱ्यांच्या हातून मेला. कथा तेथे संपायला हवी होती. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच जिल्ह्यात हल्ले पुन्हा सुरू झाले, आणि उत्तर म्हणून बंदूक पुढे आली.

माणसे मारणारा विशिष्ट प्राणी हटवावाच लागतो, याबद्दल माझे दुमत नाही. पण तो कोणता, हे आधी ठरवायला नको का? जखमांवरील लाळेतून डीएनए मिळू शकतो. शिवाय भारतीय लांडग्याच्या आवाजांवर बिलाल हबीब आणि सहकाऱ्यांनी काम केले आहे. दीर्घ आरोळी, भुंकणेमिश्रित आरोळी, कण्हणे आणि कळपातील जवळिकीचे बारीक चित्कार असे चार प्रकार त्यांनी वेगळे केले, आणि आरोळीवरून एकेक लांडगा ओळखता येतो हेही दाखवले. आवाजावरून दोषी सिद्ध होणार नाही, हे खरे. मात्र परिसरात किती लांडगे आहेत आणि कोणता कळप कोठे वावरतो, हे गोळी न झाडता कळू शकते. आपण काय केले? मुलांच्या मूत्रात भिजवलेल्या रंगीत बाहुल्या आमिष म्हणून टांगल्या.

देशात हे प्राणी सुमारे तीन हजार उरले आहेत. जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन वंशशाखांपैकी ही एक, आणि कायद्याच्या अनुसूची १ मध्ये तिला वाघाइतकेच संरक्षण आहे. (झारखंडमधील महुआडांड हे खास लांडग्यांसाठीचे अभयारण्य १९७६ चे, त्यानंतर आपला उत्साह आटला.) बहुतांश लांडगे अभयारण्यांबाहेर, ज्या माळरानांना सरकारी नकाशे ‘पडीक जमीन’ म्हणतात तेथेच जगतात. महाराष्ट्राच्या पठारावरील धनगर त्यांच्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. तो लांडग्याला सज्जन मानत नाही आणि दैत्यही मानत नाही. कुत्री पाळतो, रात्री मेंढ्या जाळीच्या आत घेतो, एखादे कोकरू गेलेच तर शिव्या घालतो आणि सकाळी कळप पुढे नेतो.

पुढील पावसाळ्याआधी बहराइचच्या प्रशासनाकडून एक यादी मागा: नदीकाठच्या गावांतील किती घरांना अजून दार नाही? कळपाच्या मनोव्यापारावरील चर्चा त्यानंतर करू.