मुद्दल राखून चकाकी

काळ्या किंवा गडद निळ्या मोटारीवर तिरपे ऊन पडले की बारीक, गोलाकार ओरखड्यांचे जाळे उमटते. कोरड्या फडक्याने रोज धूळ पुसण्याच्या सवयीचे हे फळ असते. दिवाळीच्या तोंडावर अशी मोटार ‘रबिंग-पॉलिशिंग’साठी गॅरेजमध्ये जाते. मालक दोनच प्रश्न विचारतो : खर्च किती आणि गाडी मिळणार केव्हा? पॅड कोणता आणि पॉलिश कोणते, हा तिसरा प्रश्न राहून जातो.

वास्तविक तोच प्रश्न मुद्दलाचा आहे. रंगावरील पारदर्शक क्लिअर कोट साधारणतः ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. १ मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन. पॉलिश ओरखडा बुजवीत नाही. त्याच्या भोवतीचा थर घासून पृष्ठभाग समपातळीत आणते. म्हणजे प्रत्येक वेळी मुद्दलातूनच उचल होते आणि ती पुन्हा जमा होत नाही. थर फार पातळ झाला तर उन्हापासूनचे संरक्षण उणावते आणि अखेरीस तो भाग नव्याने रंगवावा लागतो.

म्हणून निवडीचा नियम साधा आहे : आधी सौम्य, गरज पडली तरच तीव्र. बॉनेटवर दोन फूट चौरस जागा घ्यावी. तेथे प्रथम मऊ फोम पॅड व बारीक पॉलिश वापरून पाहावे. ओरखडे राहिले तर मध्यम पॅड घ्यावा. कठीण पॅड आणि कंपाउंड ही शेवटची पायरी. पॅडच्या रंगावरून कठीणपणा ठरवू नये, कारण प्रत्येक कंपनीचा संकेत निराळा असतो. एका पॅडवर एकच पॉलिश वापरावे. कडा व उठावाच्या रेषांवर थर पातळ असतो. तेथे यंत्र फिरवताना विशेष जपावे. नख अडकेल इतका खोल ओरखडा पूर्ण काढण्याचा अट्टहास धरू नये.

काही पॉलिशांतील तेलकट द्रव्ये ओरखडे तात्पुरते झाकतात. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहिल्यास खरा हिशेब दिसतो.

जैन कुटुंबांनी आणखी एक चौकशी अवश्य करावी. काही लोकरी पॅड मेंढीच्या कातड्यासह बनवितात आणि काही पॉलिश-मेणांत मधमाश्यांचे मेण असते. पॉलियुरेथेनचा फोम पॅड आणि ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवरील कार्नोबा मेण हे पर्याय उपलब्ध आहेत. मात्र मेणाच्या मिश्रणातील अन्य घटकही विचारून घ्यावेत.

पुढे मोटार भरपूर पाण्याने धुऊन मऊ मायक्रोफायबरने टिपली, तर पुढच्या दिवाळीला रबिंगची गरजच बहुधा पडणार नाही. जी उचल टळली, तीच खरी बचत.