नुसतं बसणंही गुन्हा?

मैत्रिणींनो, “दौंड स्टेशनबाहेर बसलेल्यांना उचलून न्या” अशा अर्जावर सही मागणारा निरोप मला आला. मी सही करणार नाही.

उचलून नेणं म्हणजे काय, ते तरी बघा. 1959 च्या भीक प्रतिबंध कायद्यात हात पसरायचीही गरज नाही. पोटापाण्याचं साधन न दिसणारा माणूस, भिकेवर जगत असेल असं वाटण्याजोग्या अवस्थेत चारचौघांत थांबला, तरी तो भिकारी! पहिल्याच खेपेला 1 ते 3 वर्षं भिक्षेकरीगृहात डांबता येतं. भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केली, पण दिल्लीपुरती.

आणि विसापूर काही लांब नाही, दौंड-मनमाड मार्गावरच आहे. शिर्डीहून तिथल्या भिक्षेकरीगृहात नेलेल्यांपैकी चौघे एप्रिल 2025 मध्ये नगरच्या सरकारी दवाखान्यात दगावले.

शिरूरवरून आपले साधू-साध्वी विहार करतात. जवळ दमडी नाही, गोचरीवर राहतात. त्यांना आपण वाकून वंदन करतो (करायलाच हवं). मग स्टेशनबाहेरच्या म्हातारीला बघून नाक का मुरडायचं?

घाण होते म्हणता ना? मग शौचालय मागा, रात्रीचा निवारा मागा. त्या अर्जावर पहिली सही माझी.