गुंबजाआधी हौज

विजापूरला जाऊन आलो म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : गोल गुंबजात टाळी किती वेळा ऐकू आली? शाळेची सहल असो की नव्या नवरा-नवरीची फेरी, गुंबज पाहायचा, वर जाऊन ओरडायचे, खाली येऊन फोटो काढायचे आणि संध्याकाळी घरी. यंदा सुट्टीत आम्ही घरचे आठजण सोलापूरहून निघालो तेव्हा थोडे वेगळे ठरवले होते. मशिदी पाहायच्या, पण प्रत्येक ठिकाणी आधी पाणी शोधायचे. इथे नमाजी वजू कुठे करत होते, आणि ते पाणी येत कुठून होते?

हा प्रश्न विजापुरात विचारण्याजोगा आहे. उत्तरेला भीमा, दक्षिणेला कृष्णा, पण जिल्ह्याचा मधला भाग सोलापूरसारखाच कोरडा. पाऊस लहरी, जमीन खडकाळ. अशा माळावर आदिलशाहीने 1490 ते 1686 अशी जवळपास दोनशे वर्षे राजधानी चालवली. नुसत्या दगडावर राजधानी चालत नाही.

सोलापूरपासून अंतर शंभरेक किलोमीटर. फजर पढून निघालात तर ऊन चढायच्या आत पोहोचता. गोल गुंबज आधी उरकून घ्या, कारण पुढे गर्दी वाढते आणि मग तिथे टाळीही ऐकू येत नाही, नुसता कल्ला ऐकू येतो. सज्जापर्यंतचे जिने अरुंद आणि उभे आहेत. अम्मींचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून त्या खालीच बसल्या. बाहेरून 44 मीटर व्यासाचा हा घुमट खालूनच जास्त अंगावर येतो, असे त्यांचे म्हणणे. मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवर फातिहा पढून आम्ही निघालो.

जामा मशिदीत मात्र पाय लवकर निघत नाही. 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर पहिल्या अली आदिलशहाच्या काळातले हे काम. पूर्वेकडची बाजू आणि मिनार कधी पुरे झालेच नाहीत, तरी अपुरेपणा जाणवत नाही. आत शिरल्यावर कमानीमागे कमानी, पांढरा चुना, आणि सावली. जमिनीवर एकेका नमाज्याची जागा दाखवणारे चौकोन आखलेले आहेत, सव्वादोन हजारांच्या आसपास. हे काम औरंगजेबाच्या वेळचे सांगतात. आमच्या धाकट्याने मोजायला सुरुवात केली आणि चौथ्या ओळीत सोडून दिली.

मेहराबीचे सोनेरी आणि रंगीत काम 1636 चे. ते ज्याच्या नावे सांगितले जाते तो याकूत दाबुली. दाबुली म्हणजे आपल्या रत्नागिरीकडच्या दाभोळचा. कोकणातल्या वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे. दाभोळ तेव्हा आदिलशाहीचे मोठे बंदर होते. याकूतची स्वतःची कबर गावातच आहे. एरवी विजापुरात मकबरा मोठा आणि शेजारची मशीद लहान असते. इथे उलट आहे : कबर लहान, मशीद मोठी. आम्हाला हा माणूस आवडला.

जामा मशिदीच्या अंगणात हौज आहे, मधोमध. मुले त्याच्या काठाला जाऊन बसली. तिथे बसल्यावर ध्यानात येते की हौज शोभेचा नव्हता. जुम्याला हजारो माणसे येणार, सगळ्यांना थोड्या वेळात वजू करायचा, तर चारही बाजूंनी बसता येईल असे पाणी हवे. मशीद बांधणाऱ्याला घुमटाआधी या हौजाचा हिशेब करावा लागला असणार. आणि हौज भरायचा तर पाणी गावाबाहेरून आणायला हवे.

ते कसे आणले, ही विजापूरची खरी कमाल. पश्चिमेला तोरवीकडून आणि दक्षिणेला बेगम तलावाकडून जमिनीखालून पाणी शहरात येत असे. भाजलेल्या मातीचे नळ, त्यांच्याभोवती चुन्या-दगडाचे बांधकाम. वाटेत ठिकठिकाणी उंच चौकोनी मनोरे उभे केलेले. त्यांना इथे ‘गंज’ म्हणतात. पाणी त्या मनोऱ्यात चढायचे, त्याचा जोर कमी व्हायचा, गाळ तळाशी बसायचा आणि निवळलेले पाणी पुढच्या नळात उतरायचे. जोर कमी केला नाही तर मातीचे नळ फुटणार, इतके साधे कारण. असे काही गंज आजही रस्त्याच्या कडेला उभे आहेत. लोक त्यांना पडक्या बुरुजाचा तुकडा समजून पुढे जातात. आम्हीही पूर्वीच्या दोन्ही खेपांना तसेच गेलो होतो.

गावाच्या मध्यभागी आसार महाल आहे, 1646 च्या सुमाराचा. आधी इथे न्यायनिवाडा चालायचा, पुढे अल्लाहचे रसूल (स.) यांचे मुबारक केस इथे जतन केले गेले. समोर उंच लाकडी खांब, आणि त्यांच्यापुढे मोठा चौकोनी तलाव. त्यात बेगम तलावाचे पाणी येत असे. महालाच्या आत बायकांना जाऊ देत नाहीत. पुरुष मंडळी आत गेली. अम्मी, आपा आणि भाभी तलावाच्या काठावर थांबल्या. आपा म्हणाली, “पाणी आमच्या वाट्याला, बरे झाले. निदान हवा तरी लागते.” ती हसून म्हणाली, पण हसण्यावारी न्यावे असे ते नव्हते.

जुहरची वेळ झाली तेव्हा तोच प्रश्न पुन्हा आला. पुरुषांना कुठेही सफ मिळते. बायकांनी एका झाडाखाली चादर अंथरली आणि बाटलीच्या पाण्याने वजू केला. प्रवासात हे आपल्या प्रत्येक घराच्या ओळखीचे आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

पण त्यानंतर आम्ही किल्ल्याच्या आतल्या मक्का मशिदीत गेलो, आणि तिथे आपा बराच वेळ उभी राहिली. ही मशीद लहान आहे. नक्षी अगदी नाजूक, जामा मशिदीचीच धाकटी बहीण वाटते. तिच्याभोवती मात्र उंच, कोऱ्या भिंती आहेत. बाहेरून आत काय आहे ते कळत नाही. आत खुतब्यासाठी मिंबर नाही. विजापूरच्या इमारतींचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या हेन्री कझेन्स यांचा 1916 साली ग्रंथ निघाला. त्यांनी भिंती आणि मिंबराचा अभाव या दोन खुणांवरून ही मशीद राजवाड्यातल्या बायकांसाठी असावी असा तर्क केला आहे. तर्कच आहे, कुठे शिलालेख नाही. तरी तिथे उभे राहिल्यावर तो पटतो. आपल्याकडे नव्या मशिदीचा नकाशा काढताना बायकांची जागा आणि बायकांचा वजूखाना शेवटी, जागा उरली तर, असा विचार होतो. पुष्कळदा जागा उरत नाही. भाईजान आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीच्या कमिटीत आहेत. ते काही बोलले नाहीत, पण पावलांनी भिंतीची लांबी मोजत होते.

दुपारचे जेवण गाडीजवळच. कडक भाकरी, खिमा, शेंगाचटणी. मग पश्चिमेकडे, मक्का दरवाजाजवळच्या ताज बावडीकडे.

ही बावडी 1620 ची. मलिक संदल याने इब्राहीम आदिलशहाची बेगम ताज सुलताना हिच्या नावाने बांधली असे सांगतात. समोर भव्य कमान, दोन बाजूंना अष्टकोनी मनोरे, आत पाण्याचा प्रचंड चौकोन, आणि दोन्ही अंगांना उतारूंच्या खोल्या. म्हणजे वाटसरूला दरवाजातून आत येताच पाणी आणि डोक्यावर छप्पर. शाहपूर दरवाजाकडे याआधीची चांद बावडी आहे, चांदबिबीच्या नावाची. अहमदनगरची ही शहजादी विजापूरची सून होती. पुढे माहेरच्या किल्ल्यावरून ती मुघलांशी लढली ते सर्वांना ठाऊक आहे. तिच्या नावाची बावडी फार थोड्यांना ठाऊक असते.

हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी आईच्या नावे कोणता सदका करावा असे विचारले, तेव्हा रसूल (स.) यांनी पाणी सांगितले आणि सादनी विहीर खणली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. ताज बावडीच्या पायऱ्यांवर मुलांना ती सांगताना वेगळे काही समजवावे लागले नाही. मध्यंतरी या बावडीत कपडे धुतले जायचे, कचरा पडायचा. काही वर्षांपूर्वी गाळ उपसला गेला. बावडी बांधणाऱ्याचे नाव राहते. गाळ उपसणाऱ्या मजुरांचे कुठे लिहिलेले नसते, पण त्यांचाही वाटा या सदक्यात असावा, असे अम्मी म्हणाल्या.

इब्राहीम रोजा तिथून जवळ, तटाबाहेर. एकाच चौथऱ्यावर एका बाजूला मकबरा, दुसऱ्या बाजूला मशीद आणि मध्ये हौज. हेही मलिक संदलचेच काम मानतात. दगडाच्या जाळीत कोरलेली अक्षरे वाचण्यासाठी निदान तासभर हाताशी ठेवा. आमच्या घरात नस्ख कुणालाच सराईतपणे वाचता येत नाही. दोघांनी मिळून ‘अल्लाह’ आणि ‘रहमान’ शोधले आणि मुलांनी त्यावरच समाधान मानले.

कुमटगीचा तलाव आणि त्यातला चित्रांचा जलमहाल पूर्वेला पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. एका दिवसात तो बसत नाही. बसवायचा हट्ट केलात तर सगळेच धावपळीचे होते. आम्ही तो सोडला आणि असरनंतर दक्षिणेला बेगम तलावाकडे गेलो. मुहम्मद आदिलशहाने 1651 मध्ये जहान बेगमच्या स्मरणार्थ तो बांधला. सकाळपासून ज्या नळांचे आणि मनोऱ्यांचे बोलत होतो, त्यांतला एक मोठा साठा हा. पाणी काठापासून बरेच आत गेलेले होते. बगळे होते, वारा होता, आणि मावळतीची लाली पाण्यावर पसरली होती.

मगरिबला आपा पाण्यापर्यंत उतरली. पायऱ्या तुटक्या आहेत, म्हणून भाभीने तिचा हात धरला. दोघींनी तलावाच्या पाण्याने वजू केला, अम्मींसाठी तांब्या भरून वर आणला. यावेळी चादर आम्ही आधी त्यांच्यासाठी अंथरली आणि आमची सफ पुढे धरली. परतीच्या वाटेवर भाईजान गाडी चालवता चालवता म्हणाले की कमिटीची बैठक येत्या इतवारी आहे, आणि वजूखान्याचा नकाशा अजून पक्का झालेला नाही.